कॉट्सवल्डची सूची: लोकर, दगड आणि कंपनीचा पैसा

इंग्लंडच्या वारसा-सूचीतील नोंदी वाचण्याचा एक विचित्र नाद प्रस्तुत लेखकाला काही वर्षांपासून लागला आहे. ही सूची महाजालावर कोणालाही खुली आहे. तिच्यात सुमारे चार लाख नोंदी आहेत. त्यांतल्या जुन्या नोंदींचे गद्य अत्यंत कोरडे. घर कोणत्या शतकातले, भिंत कोणत्या दगडाची, छपरावर काय, मजले किती, खिडक्यांना उभे दांडे किती, बस्स. त्या घरात कोण जन्मले, कोण उपाशी राहिले, बांधायला पैसा कुठून आला, याविषयी बहुधा अवाक्षर नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला या मौनाची भुरळ पडावी, यात नवल नाही.

ग्लॉस्टरशायर परगण्यातील कॉट्सवल्ड हा ग्रामीण जिल्हा या नादासाठी आदर्श म्हणावा असा आहे. सायरनसेस्टर हे त्याचे मुख्य ठिकाण. बाकी सगळी लहान बाजारगावे, खेडी, कुरणे. एवढ्या प्रदेशात सुमारे पाच हजार वास्तूंना कायद्याचे संरक्षण आहे. त्यांत चर्च आणि वाडे तर आहेतच, पण धान्याची कोठारे, पूल, मैलाचे दगड, दफनभूमीतील कोरीव थडगी आणि जाइल्स गिल्बर्ट स्कॉट याने १९३५ साली आखलेली लाल टेलिफोनची खोकीही आहेत. सूचीत तीन दर्जे असतात. पहिला, दुसरा तारांकित आणि दुसरा. पहिल्या दर्जात देशभरातील जेमतेम अडीच टक्के वास्तू बसतात. नव्वद टक्क्यांहून अधिक साध्या दुसऱ्या दर्जाच्या.

इतके सारे इथेच कसे टिकले? या प्रश्नाचे उत्तर रसिकतेत शोधायला गेलो तर फसगत होते. मध्ययुगात इथल्या मेंढ्यांच्या लोकरीला युरोपभर मागणी होती. त्या पैशातून नॉर्थलीच, फेअरफर्ड, चिपिंग कॅम्डन येथील भव्य चर्च उभी राहिली. नॉर्थलीचच्या चर्चमध्ये लोकर-व्यापाऱ्यांच्या पितळी स्मृतिपट्ट्या आहेत. त्यांत शेठजींचे पाय मेंढीवर किंवा लोकरीच्या गठ्ठ्यावर टेकलेले दाखवले आहेत. आपला पैसा कशातून आला हे इतक्या निःसंकोचपणे सांगणारी थडगी मला तरी दुसरीकडे माहीत नाहीत. पुढे कापडाचा धंदा यंत्रांबरोबर उत्तरेकडे यॉर्कशायरला गेला, एकोणिसाव्या शतकात शेतीही खालावली आणि हा प्रदेश गरीब झाला. जुने पाडून नवे बांधायला कोणाकडे पैसाच उरला नाही. आज ज्या मधाळ रंगाच्या दगडी भिंतींसमोर उभे राहून लोक छायाचित्रे काढतात, त्या दारिद्र्याने राखलेल्या आहेत.

बायबरी गावातली आर्लिंग्टन रो ही घरांची ओळ याचे ठळक उदाहरण. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लोकर साठवण्याची वखार म्हणून ही वास्तू बांधली गेली. सतराव्या शतकात तिच्यात भिंती घालून विणकरांची बिऱ्हाडे केली. विणलेले कापड समोरच्या पाणथळ कुरणात ताणून वाळत घालीत. म्हणजे ही एका अर्थी चाळच. १९२९ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने ती विकत घेऊन वाचवली. आज ती नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि सूचीत पहिल्या दर्जाची आहे.

विणकरांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट नोंदवतो. इंग्लंडमधल्या लोकर आणि रेशीम विणकरांच्या ओरडीमुळे पार्लमेंटने १७०० आणि १७२१ साली कायदे करून भारतीय छापील सुती कापडावर बंदी घातली होती. आपल्याकडचे चीट तिकडच्या विणकरांच्या पोटावर येत होते. इंग्लंडमध्ये वास्तूंना संरक्षण मिळण्याच्या कितीतरी आधी तिथल्या विणकरांना कायद्याचे संरक्षण मिळाले ते आपल्या कापडापासून!

त्याच शतकाच्या अखेरीस वारे फिरले. आता भारतातून पैसा येऊ लागला. याच जिल्ह्यात डेल्सफर्ड येथे वॉरन हेस्टिंग्जचे घर आहे. हेस्टिंग्जच्या घराण्याची ही जुनी जहागीर १७१५ साली हातची गेली होती. ती परत मिळवायची, हे त्याचे लहानपणापासूनचे स्वप्न. ते १७८८ साली पुरे झाले. त्याच साली पार्लमेंटपुढे त्याच्यावरचा महाभियोगही सुरू झाला. १७९५ साली तो निर्दोष सुटला. मराठी वाचकाला हा गृहस्थ परका नाही. वडगावचा तह आणि सालबाईचा तह ज्या पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात झाले, ते युद्ध त्याच्याच अमदानीतले. तो डेल्सफर्डला वारला ते साल १८१८. पेशवाई बुडाली त्याच वर्षी. (पेशवाई बुडाली तेव्हाचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज तो वेगळा, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत या दोघांची गल्लत दरवर्षी होते.) घराचे बाह्यरूप संयत युरोपीय आहे. भारत आत भेटतो. दिवाणखान्यातील शेकोटीच्या संगमरवरी चौकटीवर टॉमस बँक्स या शिल्पकाराने भारतीय स्त्रियांच्या आकृती कोरल्या आहेत.

हे घर ज्याने घडवले तो सॅम्युअल पेपीस कॉकरेल ईस्ट इंडिया कंपनीचा वास्तुतज्ज्ञ होता. काही मैलांवरच्या सेझिनकोट येथे त्याने हा संयम पार सोडून दिला. त्याचा एक भाऊ जॉन बंगालहून परतल्यावर १७९५ साली ती जमीन घेतो आणि तीन वर्षांत मरतो. मग दुसरा भाऊ चार्ल्स, तोही कंपनीच्या चाकरीत पैसा केलेला, १८०५ च्या सुमारास तिथे नवे घर बांधायला काढतो. परिणाम असा की इंग्लिश कुरणांच्या मधोमध मोगल वळणाचा तांब्याचा कांद्यासारखा घुमट, छज्जे, कमानी असे एक घर उभे राहिले. भारतात वर्षानुवर्षे हिंडून चित्रे काढलेल्या टॉमस डॅनियलने बागेसाठी सल्ला दिला; म्हणून तिथे सूर्याचे देऊळ आहे आणि पुलाच्या कठड्यावर नंदी बसले आहेत. गंमत अशी की आत शिरताच भारत संपतो. आतली सजावट सगळी ग्रीक धाटणीची! डेल्सफर्डच्या अगदी उलट. प्रिन्स रीजंट १८०७ साली इथे येऊन गेला; ब्रायटनच्या त्याच्या प्रासादाला जे भारतीय रूप मिळाले त्यामागे या भेटीची प्रेरणा मानतात.

सेझिनकोट पहिल्या दर्जात आहे, डेल्सफर्डही. आर्लिंग्टन रोही पहिल्याच दर्जात. विणकराची खोली आणि नबाबाचा महाल कायद्याच्या एका रांगेत उभे राहिले, हे मला या पद्धतीचे सर्वांत मोठे यश वाटते. पण ही रांग लागायला फार वेळ लागला.

१८७६ साली विल्यम मॉरिस या प्रदेशाच्या सीमेवरच्या केल्म्स्कॉट येथे राहत असताना त्याने बर्फर्डच्या चर्चची चाललेली ‘डागडुजी’ पाहिली. जुना गिलावा खरवडून काढायचा, शतकांची भर पुसायची आणि कल्पनेतले शुद्ध मध्ययुग पुन्हा बांधायचे, अशी त्या काळातील जीर्णोद्धाराची रीत होती. मॉरिसने दुसऱ्याच वर्षी प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था काढली. नुसती निगा राखा, शुद्धीकरण करू नका, हे तिचे सूत्र. पार्लमेंटचा पहिला कायदा आला १८८२ साली, तोही फक्त ६८ स्मारकांपुरता आणि बहुतेक प्रागैतिहासिक. राहत्या घरांना हात लावायची सोय नव्हती. घर म्हणजे मालमत्ता, आणि मालमत्तेपुढे इंग्लिश पार्लमेंट नेहमीच हळवे होत आले आहे. १९१३ च्या अधिक कडक कायद्यामागे लॉर्ड कर्झनचा हात होता. भारतात त्याने १९०४ सालीच असा कायदा करून टाकला होता. तिथे त्याला मालमत्तेच्या हक्कांची फारशी पर्वा करावी लागली नाही, हेही लक्षात ठेवावे.

राहत्या घरांची सूची जन्मली ती बॉम्बहल्ल्यांतून. दुसऱ्या महायुद्धात पडझड झालेल्या इमारतींपैकी कोणत्या वाचवायच्या आणि कोणत्या पाडायच्या, हे ठरवण्यासाठी वास्तुविशारदांना याद्या करायला धाडले गेले. त्यांतून १९४४ आणि १९४७ च्या नगररचना कायद्यांनी कायमची सूची आणली. तरी मालकाला बदल करण्यापूर्वी खास परवानगी घेणे बंधनकारक झाले ते १९६८ साली. १९८० च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या फायरस्टोन कारखान्याचा दर्शनी भाग सुट्टीच्या दिवसांत, संरक्षणाचा हुकूम बजावला जाण्याआधीच पाडला गेला. तेव्हा सरकार खडबडून जागे झाले आणि नव्या पाहणीचा वेग वाढवण्यात आला. गावोगावच्या पाहणीत कोठारे, भिंती, थडगी सूचीत आली ती बरीचशी यामुळे. आपल्या मुंबईने १९९५ साली वारसा नियम केले तेव्हा त्यांतही अशीच श्रेणींची रचना आली.

संरक्षण म्हणजे काय, हे आत राहणाऱ्याला विचारावे. सूचीतील घर आतून-बाहेरून संरक्षित असते. आवारातले १ जुलै १९४८ पूर्वीचे बांधकामही त्यात धरले जाते. विनापरवाना बदल हा फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि पूर्ववत करण्याच्या नोटिशीला काळाची मुदत नाही. खिडकीला दुहेरी काच बसवायची तरी अर्ज. छपरावरचे दगडी पत्रे खाली मोठे आणि वर लहान होत गेलेले असतात. ते तसेच लावणारा कारागीर शोधायचा आणि त्याची मजुरी द्यायची. सांध्यात सिमेंट भरले तर ओल आत कोंडते आणि दगड फुटतो, म्हणून चुनाच हवा. (जुन्या वाड्यांच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवणाऱ्या आपल्याकडच्या कंत्राटदारांना हे कोणी सांगावे?) यावर कराची तऱ्हा अशी, की २०१२ पर्यंत मंजूर फेरफारांना मूल्यवर्धित कर माफ होता आणि दुरुस्तीला मात्र पूर्ण कर. विसंगती दूर करताना सरकारने काय केले? फेरफारांची माफीही काढून घेतली.

बायबरीत तर याहून विलक्षण प्रकार झाला. आर्लिंग्टन रोजवळ राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांची पिवळी मोटार छायाचित्रांत मध्ये येते, म्हणून पर्यटक कुरकुरत. २०१७ च्या आरंभी कोणीतरी त्या मोटारीची नासधूस केली. मग एप्रिलमध्ये देशभरातून जवळजवळ शंभर पिवळ्या मोटारी त्या काही शे वस्तीच्या गावातून मिरवत गेल्या. लोकर ठेवायची वखार, विणकरांचे बिऱ्हाड आणि आता देखावा. देखाव्यात माणसाने मोटार कुठे लावावी?

ब्रॉड कॅम्डन येथील नॉर्मन चॅपलची नोंद मला या दृष्टीने सर्वांत मोलाची वाटते. बाराव्या शतकातले हे पडके प्रार्थनास्थळ. मॉरिसच्या विचारांनी भारलेला सी. आर. अ‍ॅशबी १९०२ साली लंडनमधले आपले कारागीर घेऊन शेजारच्या चिपिंग कॅम्डनला आला होता; त्याने काही वर्षांतच या चॅपलचे राहते घर करून दिले, ते आनंद कुमारस्वामींसाठी. एम. ए.च्या वर्गात ज्यांचे नाव आपण भारतीय कलामीमांसेच्या संदर्भात घेतो, तेच. सिंहली कलेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९०८ साली इथेच छापून पूर्ण झाला, आणि तोही मॉरिसने आपले चॉसरचे पुस्तक ज्या हातछपाई यंत्रावर छापले होते त्याच यंत्रावर. वसाहतीतल्या कारागिरांचा धंदा साम्राज्याने कसा मोडला याची तक्रार त्या ग्रंथात आहे. सेझिनकोट तिथून फार तर सात-आठ मैल असेल.

अ‍ॅशबीने त्या अवशेषांत नवे मजले घातले, भर घातली. मॉरिसच्या कडक अनुयायांना ते कितपत रुचले असते? आज तसा अर्ज आला तर परवानगी मिळणे कठीणच. आणि अ‍ॅशबीची ती भर आता स्वतःच संरक्षित आहे. तिच्यातली खिडकी बदलायची तर जिल्हा परिषदेत अर्ज करावा लागतो.

२०१६ पासून या नोंदींना सामान्य माणसालाही छायाचित्रे आणि माहिती जोडता येते. मूळ कोरडा मजकूर वर तसाच राहतो. त्याच्याखाली कोणी आजोबांच्या आठवणी लिहितो, कोणी पावसाळी दुपारचे छायाचित्र टाकतो.