सोमवारची छाती

आमचे अण्णा लोअर परळच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. रविवारची सुट्टी संपली की सोमवारी पहिल्या पाळीतच त्यांची छाती आवळायची, आठवडा सरत आला की सैल पडायची. आई म्हणायची, रविवारचं मटण बाधतं. मटण बिचारं निर्दोष होतं! ब्लोरूम आणि कार्डिंगमध्ये कापूस फोडतात, पिंजतात. धूळ तिथंच सर्वांत जास्त. तिच्यामुळे होणारा बिसिनोसिस हा छातीचा आजार सुरुवातीला सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशीच धरतो, पुढे वार बघत नाही. केईएमच्या डॉ. एस. आर. कामत यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांमध्ये त्याचा अभ्यास केला होता.

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण चाळीत खोकला म्हणजे क्षय, आणि क्षय म्हणजे शिवडीचं हॉस्पिटल. अण्णांचा पेला वेगळा झाला. गाववाले दुसरीकडे उतरू लागले. ताईला बघायला आलेली मंडळी आतला खोकला ऐकून चहा न घेताच उठली. खात्यात तर खोकला दाबूनच ठेवायचा. जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, कानावर गेला तर जागेवर यायला बदलीवाला तयारच.

गिरणगाव धुळीला नाही, माणसाला भ्यायचं. ही खोड जुनी. कांडी बदलली की विणकर धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घेत. त्या उष्ट्या सुताचं निमित्त करून अस्पृश्य कामगारांना जास्त पगाराच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामात, येऊ दिलं जात नसे. 1928च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. सवर्णांची तोंडं मात्र एकामागून एक त्याच धोट्याला लागत होती, त्याचा कुणाला विटाळ नव्हता. मालकांचं यात काय बिघडत होतं? कामगार एकमेकांची थुंकी मोजत बसले, तर हवेतल्या कापसाचा जाब कोण विचारणार!

18 जानेवारी 1982ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अण्णा गावी गेले ते गेलेच. बिसिनोसिस कायद्यानं भरपाईच्या यादीत आहे. पण अण्णांच्या केसपेपरवर शब्द होता ‘दमा’. दम्याला दमडी मिळाली नाही.

आजही इचलकरंजीसारख्या गावांत सूतगिरण्या चालू आहेत. तिथं कुणाची छाती सोमवारी आवळत असेल, तर डॉक्टरांना खोकल्याबरोबर आपलं खातंही सांगा, आणि ते केसपेपरवर लिहून घ्या.