जंजिऱ्याचें बेट आणि जंजिऱ्याचें राज्य

रत्नागिरीच्या रत्नदुर्गाला तीन बाजूंनीं समुद्र आहे. चौथी बाजू जमिनीशीं जोडलेली, म्हणून तें बेट नव्हे. हर्णैचा सुवर्णदुर्ग चहूंकडून पाण्यानें वेढलेला, म्हणून तें बेट. व्याख्या इतकी सोपी. पण राज्याला ती लावूं गेलें कीं अडचण पडते.

श्रोतेहो, जिल्ह्याच्या उत्तरेस बाणकोटची खाडी ओलांडली कीं पूर्वी सिद्दीचें जंजिरा संस्थान लागे. तें १९४८ मध्यें विलीन झालें. ‘जझीरा’ या अरबी शब्दाचा अर्थच बेट. राजपुरीच्या खाडीच्या मुखावरील तो किल्ला मराठ्यांना कधींच जिंकतां आला नाहीं. १६८२ मध्यें संभाजीमहाराजांनीं समुद्रांत भराव घालून किल्ल्यापर्यंत वाट बांधण्याचा उद्योग आरंभिला, तोही सोडून द्यावा लागला. ती वाट पुरी होती, तर बेटाचें बेटपण तेव्हांच संपतें!

किल्ल्यांत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. परंतु भात पिके तें म्हसळें-श्रीवर्धनाकडे. तट समुद्रांत, कोठार जमिनीवर. श्रीलंकेचा सगळा मुलूखच समुद्रानें वेढलेला, म्हणून तो द्वीपदेश. ब्रिटनची आयर्लंडशीं जमिनीवर सरहद्द आहे, तरी त्याचीही गणना द्वीपदेशांतच होते. कारण त्याची सारी मायभूमि बेटांवर आहे. जंजिरा मात्र नांवानें बेट, बळानें बेट, पण द्वीपराज्य नव्हे. मराठ्यांनीं अखेर घाव घातला तो याच मर्मावर. १७३३ च्या मोहिमेंत रायगड परत मिळाला, सिद्दीचा किनाऱ्यावरील पुष्कळ मुलूख गेला. किल्ला मात्र पाण्यांत तसाच उभा राहिला.