पितृपक्ष (नांदेड–लातूर)

भाद्रपद वद्य प्रतिपदा ते अमावास्या हा पितरांच्या स्मरणाचा पंधरवडा. धर्मशास्त्रात ‘महालय’, मराठवाड्याच्या बोलीत ‘पित्तरपाठ’.

उगम : सूर्य कन्या राशीत असताना पितर यमलोकातून वंशजांच्या दारी येतात, ही पौराणिक समजूत. कर्णाने जन्मभर सोने दिले, पण पितरांना अन्न दिले नाही. स्वर्गात त्याच्या पानात सोनेच पडले, म्हणून अन्नदानासाठी तो पंधरा दिवस पृथ्वीवर परतला, अशी कथा सांगतात.

तिथी : श्राद्ध मृत्यूच्या तिथीला घालतात. सवाष्ण गेलेल्या स्त्रीसाठी अविधवा नवमी, अपघाताने वा शस्त्राने गेलेल्यासाठी चतुर्दशी, तिथी माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या. लातूरकडच्या किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६) गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे झाला, दुसऱ्या दिवशी पितृपक्ष लागला; त्या पहाटे गेलेल्यांची तिथी एकच.

आचार : खीर, उडदाचे वडे, कढी, भजी आणि गवार, भोपळा, कारले अशा भाज्या करतात. मूग-उडीद नुकतेच शेतातून घरात आलेले असतात. निखाऱ्यावर तूप व घास सोडणे म्हणजे ‘आगारी’. गाय, कुत्रा व कावळा यांचे घास वेगळे काढतात. कावळा शिवेपर्यंत घरचे जेवत नाहीत. तो उशीर करू लागला, की मृताची कोणती इच्छा राहिली, याची चर्चा सुरू होते. नांदेडला गोदावरीच्या घाटांवर पिंडदान होते. लग्न, वास्तुशांत, मोठी खरेदी टाळतात.

टीका : याच गोदावरीकाठी पैठणला संत एकनाथांनी श्राद्धाचा स्वयंपाक अस्पृश्य मानलेल्यांना वाढला, अशी आख्यायिका आहे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने (१८७३) भटजीवाचून विधी करण्याचा आग्रह धरला.

तुलना : युरोपातील हॅलोवीन (३१ ऑक्टोबर) केल्टिक लोकांच्या सुगीअखेरच्या सणातून आला. तोही मृतांच्या परतीचा. मात्र तिथे भुतांना चकवायला मुखवटे चढवत, इथे आलेल्याला पान वाढतात. भीती असते ती पितर उपाशी परतण्याची.

समाप्ती : सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी घटस्थापना होते आणि पावले देवीदर्शनाला माहूर-तुळजापूरकडे वळतात. अधिक आश्विन आला, तर नवरात्र महिनाभर पुढे जाते. २०२० मध्ये तसेच झाले.