रोमचे भग्नावशेष आणि त्यांचे वाटाडे

रोममधले प्राचीन अवशेष कोणा जाणत्याच्या सोबतीने, त्याच्या तोंडून माहिती ऐकत पाहायचे, ही पद्धत हजार वर्षांहून जुनी आहे. फोरम या प्राचीन शहरचौकातली देवळे, पॅलेटाइन टेकडीवरचे राजवाडे, सार्वजनिक स्नानगृहे यांचा संगमरवर लोकांनी शतकानुशतके उपसून नेला. बराचसा भट्टीत भाजून त्याचा चुना केला. मागे उरल्या त्या विटांच्या भिंती, एकेकटे खांब आणि कमानी. कित्येक शिलालेख नाहीसे झाले किंवा मातीखाली गेले. समोरची वास्तू कोणती, ती कोणी बांधली आणि तिथे काय चाले, हे सांगायला माणूस लागे. हा माणूस कोण असावा आणि त्याच्या सांगण्याला आधार कशाचा, हे काळाबरोबर बदलत गेले, आणि त्याबरोबर त्याच दगडांची नावे आणि गोष्टीही बदलल्या.

यात्रेकरूंचे रोम

पश्चिमेकडचे रोमन साम्राज्य इ.स. ४७६ मध्ये संपले. एके काळी सुमारे दहा लाख वस्ती असलेले शहर ओस पडत गेले, तरी तिथली वर्दळ थांबली नाही, कारण संत पीटर आणि संत पॉल यांच्या समाध्या इथेच होत्या. आल्प्स ओलांडून येणारे यात्रेकरू समाध्यांच्या आणि चर्चच्या दर्शनाला येत. जुने अवशेष त्यांना वाटेत लागत. स्वित्झर्लंडमधल्या आइन्झीडेल्न मठात जपलेल्या एका जुन्या हस्तलिखितात अशा वाटांची नोंद आहे. त्यातला मजकूर आठव्या-नवव्या शतकातला मानला जातो. शहराच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला चालत जाताना उजव्या हाताला काय दिसते आणि डाव्या हाताला काय, याची त्यात यादी आहे. चर्च, स्नानगृहे, कमानी, रंगमंडले सगळी एकाच रांगेत येतात.

बाराव्या शतकाच्या मध्याला, ११४०च्या सुमारास, ‘मिराबिलिया उर्बिस रोमे’ हे लॅटिन पुस्तक तयार झाले. रोममधल्या आश्चर्यांचे हे वर्णन पुढची तीनचारशे वर्षे यात्रेकरूंच्या हाती होते. त्यात माहिती आणि आख्यायिका यांची सरमिसळ आहे. क्विरिनल टेकडीवर घोडे धरून उभे असलेले दोन संगमरवरी पुरुष हे वास्तविक कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे देव. पुस्तकात मात्र ते फिडियस आणि प्रॅक्सिटेलिस नावाचे दोन तरुण तत्त्वज्ञ होतात आणि सम्राट टायबेरियसने आपल्या दालनात खासगीत ठरवलेले त्याला शब्दशः सांगतात. कॅपिटोल टेकडीवर म्हणे प्रत्येक प्रांताचा एकेक पुतळा होता. प्रांताने बंड केले की त्या पुतळ्याच्या गळ्यातली घंटा आपोआप वाजे. काशी-गयेच्या पंड्यांप्रमाणे रोममध्येही ऐकणाऱ्याची श्रद्धा आणि सांगणाऱ्याचे पोट या दोन्हींवर गोष्टी पोसत होत्या.

या गोष्टींविषयी शंका घेणारेही होते. बाराव्या शतकाच्या अखेरीस किंवा तेराव्याच्या आरंभी मास्टर ग्रेगोरियस नावाचा एक इंग्रज पंडित रोमला येऊन गेला. लॅटरन राजवाड्यासमोर घोड्यावर बसलेल्या राजाचा जो ब्राँझचा पुतळा तेव्हा होता, त्याच्याविषयी त्याने तीन मते नोंदवली आहेत. यात्रेकरू त्याला थिओडोरिक म्हणत, रोमचे रहिवासी कॉन्स्टन्टाइन म्हणत, आणि पोपच्या दरबारातली शिकलेली मंडळी तिसरेच नाव सांगत. व्हॅटिकनच्या ओबेलिस्क या उंच दगडी स्तंभाखालून सरपटत गेले की पाप धुतले जाते, या समजुतीची त्याने थट्टा केली आहे. लॅटरनसमोरचा तो पुतळा प्रत्यक्षात मार्कस ऑरेलियस या सम्राटाचा. तो पहिल्या ख्रिस्ती सम्राटाचा, म्हणजे कॉन्स्टन्टाइनचा, आहे अशी चुकीची समजूत होती म्हणूनच तो वितळवला गेला नाही. १५३८ मध्ये तो कॅपिटोल टेकडीवर हलवण्यात आला.

विद्वान वाटाडे

चौदाव्या शतकापासून अवशेष पाहण्याचे कारणच बदलू लागले. इटालियन कवी पेट्रार्क १३३७ मध्ये रोमला आला तो लिव्ही आणि व्हर्जिल या प्राचीन रोमन लेखकांच्या ग्रंथांतल्या जागा शोधायला. पण त्याच्या काळची स्थानिक माहिती अजून जुनीच होती. शहराच्या तटाला लागून असलेला पिरॅमिड रोमच्या संस्थापक जुळ्या भावांपैकी रेमसची समाधी आहे, असे रोमकर सांगत आणि पेट्रार्कनेही ते मानले. तो पिरॅमिड केस्टियस नावाच्या अधिकाऱ्याचा आहे हे त्यावरच कोरलेले होते. झुडपांनी काही अक्षरे झाकली होती इतकेच. पुढच्या शतकात पोज्जो ब्राच्चोलिनी या विद्वानाने तो लेख वाचला आणि पेट्रार्कने तो कसा वाचला नाही याचे नवल केले. लोक काय सांगतात यापेक्षा दगडावर काय लिहिले आहे ते आधी पाहायचे, ही नवी शिस्त होती. फ्लाव्हियो बियोंदोने १४४०च्या दशकात ‘रोमा इन्स्ताउराता’ या ग्रंथात प्राचीन ग्रंथ, शिलालेख आणि प्रत्यक्ष जागा एकमेकांशी ताडून शहराची मांडणी लिहून काढली.

१४८०च्या सुमारास सम्राट नीरोच्या सुवर्णमहालाची दालने सापडली. ट्रेजनच्या स्नानगृहाचा पाया घालताना हा महाल मातीने भरून टाकला होता. छताला भोके पाडून चित्रकार दोराने आत उतरत आणि मशालीच्या उजेडात रंगवलेली छते न्याहाळत. भराव छतापर्यंत असल्याने त्यांना बरेचदा पोटावर सरकत जावे लागे. कित्येकांनी आपली नावे गिलाव्यावर कोरून ठेवली, ती आजही तिथे आहेत. राफाएल आणि जोव्हान्नी दा उदिने यांनी तिथल्या नक्षीवरून व्हॅटिकनमधली दालने सजवली. राफाएलला प्राचीन शहर दाखवत हिंडणारा विद्वान म्हणजे आंद्रेआ फुल्व्हियो. आपण दाखवत गेलो आणि राफाएल चित्रे काढत गेला, असे त्याने १५२७च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. १५५४ मध्ये वास्तुविशारद आंद्रेआ पाल्लादिओने रोमच्या प्राचीन वास्तूंवर एक लहान पुस्तक काढले. ‘मिराबिलिया’तल्या थापा दूर करणे हा त्याचा एक उद्देश होता. ते खिशात मावण्याजोगे होते आणि दोनशे वर्षे पुन्हापुन्हा छापले गेले.

उमरावांची सहा आठवड्यांची शिकवणी

अठराव्या शतकात श्रीमंत घराण्यांतल्या तरुणांनी शिक्षणाचा शेवटचा टप्पा म्हणून इटलीचा लांबचा प्रवास करायचा, ही रीत ब्रिटन आणि उत्तर युरोपात रुळली. या काळात रोममध्ये दोन प्रकारचे वाटाडे होते. एक, दिवसाच्या मजुरीवर मिळणारे स्थानिक चिचेरोने. दुसरे, रोममध्ये स्थायिक झालेले पुराविद्यापंडित. हे पंडित दोनचार जणांच्या मंडळीला बग्गीतून रोज काही तास हिंडवत. अशी पूर्ण शिकवणी दिवसाला तीन तास याप्रमाणे सुमारे सहा आठवडे चाले, असे डॉ. जॉन मूर या स्कॉटिश लेखकाने १७८१च्या पुस्तकात लिहिले आहे. एका कंटाळलेल्या तरुणाने चार घोड्यांची गाडी ठरवून तेच सगळे दोन दिवसांत उरकले, हेही त्यानेच नोंदवले.

या पंडितांत जेम्स बायर्स आणि कॉलिन मॉरिसन हे दोन स्कॉट नावाजलेले होते. १७६४ मध्ये रोमला आलेल्या इतिहासकार एडवर्ड गिबनला बायर्सने शहर दाखवले. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिण्याची कल्पना आपल्याला त्याच मुक्कामात कॅपिटोलच्या अवशेषांत बसलो असता सुचली, असे गिबनने पुढे सांगितले. १७६५ मध्ये लेखक जेम्स बॉस्वेल मॉरिसनकडे शिकला. पॅलेटाइनवर हिंडताना दोघांनी लॅटिनमध्ये बोलायचे ठरवले. जर्मन मंडळींसाठी योहान योआखिम विंकेलमन हा सर्वांत अधिकारी वाटाड्या होता. तो १७५५ मध्ये रोमला आला आणि १७६३ मध्ये पोपच्या राज्याचा पुरावस्तू-अधिकारी झाला. त्या पदामुळे बड्या पाहुण्यांना शहर दाखवणे हे त्याच्या कामाचाच भाग बनले.

या शिकवणीला व्यापाराचीही जोड होती. बायर्स पुरावस्तूंची खरेदी-विक्री करी. बार्बेरिनी घराण्याचा प्रसिद्ध रोमन काचकुंभ त्याने विकत घेऊन संग्राहक सर विल्यम हॅमिल्टन यांना विकला. पोर्टलंड कुंभ या नावाने ओळखला जाणारा तो कुंभ आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सकाळी ज्याच्याकडून चांगली मूर्ती कशी ओळखावी हे शिकायचे, त्याच्याचकडून संध्याकाळी मूर्ती विकत घ्यायची, असा हा व्यवहार होता.

उत्खनन, छापील मार्गदर्शक आणि सहल कंपनी

अठरावे शतक संपेपर्यंत फोरम बहुतांश जमिनीखालीच होता. कित्येक मीटर मातीवर गुरांचा बाजार भरे आणि त्या जागेला ‘काम्पो व्हाच्चिनो’, म्हणजे गुरांचे मैदान, म्हणत. पुरातत्त्वज्ञ कार्लो फेआच्या देखरेखीखाली १८०३ पर्यंत सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीभोवतालची माती उपसली गेली. नंतर फ्रेंच अमलात खोदकाम वाढले. त्याचा वाटाड्यांवर काय परिणाम झाला हे एका खांबावरून कळते. फोरममधला हा उंच खांब कोणाचा, यावर वर्षानुवर्षे तर्क चालले होते. १८१३ मध्ये त्याचा पाया मोकळा झाला आणि त्यावरच्या लेखाने निकाल लावला. इ.स. ६०८ मध्ये तो बायझंटाइन सम्राट फोकस याच्या सन्मानार्थ अर्पण केलेला होता. जुने तर्क एका दिवसात बाद झाले.

पुढे छापील मार्गदर्शक आले. लंडनच्या जॉन मरी यांचे मध्य इटलीवरचे पुस्तक १८४३ मध्ये निघाले, आणि १८६०च्या दशकात जर्मनीच्या बेडेकरने इटलीवर पुस्तके काढली. नकाशे, दर, वेळा आणि पाहण्याचा क्रम सगळे त्यात असल्याने वाचता येणाऱ्याला भाड्याच्या वाटाड्याची गरज कमी झाली. १८६४ मध्ये थॉमस कुक यांनी इटलीची पहिली सहल नेली आणि उमरावांची मिरास मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. यावर नाराजीही उमटली. इटलीत ब्रिटिश वाणिज्य दूतावासात काम करणारे कादंबरीकार चार्ल्स लीव्हर यांनी १८६५ मध्ये कुकच्या प्रवाशांची जाहीर टवाळी केली. दुसऱ्या बाजूने मार्क ट्वेन यांनी १८६९च्या आपल्या प्रवासवर्णनात भाबड्या प्रश्नांनी वाटाड्यांनाच जेरीस आणले.

नेपल्सजवळच्या, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरात व्यवस्था वेगळ्या वाटेने लागली. तिथे खोदकाम १७४८ मध्ये सुरू झाले, पण जागा राजाच्या मालकीची होती. आत जायला परवानगी लागे आणि चित्रे काढायला मनाई असे. प्रत्येक घराच्या किल्ल्या पहारेकऱ्याकडे, म्हणून दारोदारी बक्षिसी द्यावी लागे. इटलीच्या एकीकरणानंतर उत्खननाचे प्रमुख झालेल्या जुझेप्पे फिओरेल्ली यांनी प्रवेशाला तिकीट लावले आणि पाहुण्यांसोबत सरकारी पहारेकरी देऊन बक्षिसीला बंदी केली. शहराचे विभाग, घरांचे गट आणि दारे यांना क्रमांक देण्याची पद्धतही त्यांचीच. राखेतल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून मृतांच्या आकृती मिळवण्याचे काम त्यांनी १८६३ मध्ये केले.

परवाना आणि तिकीट

१८७० मध्ये रोम इटलीत सामील झाले. १८७५च्या कायद्याने सरकारी संग्रहालये आणि पुरातन स्थळे यांना प्रवेशशुल्क लागू केले. १८९८ पासून पुरातत्त्वज्ञ जाकोमो बोनी यांनी फोरममध्ये थरांनुसार उत्खनन केले. १८९९ मध्ये काळ्या दगडी फरशीखाली त्यांना अतिप्राचीन लॅटिन लेख मिळाला. पूर्वी केवळ दंतकथा मानल्या गेलेल्या राजांच्या काळाविषयी आता वाटाड्यांना पुराव्यानिशी बोलता येऊ लागले. मुसोलिनीच्या राजवटीत १९३१च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याने वाटाड्यांना पोलिसांचा परवाना सक्तीचा झाला. पुढच्याच वर्षी फोरम आणि कोलोसियम यांच्यामधली वस्ती पाडून रुंद राजमार्ग खुला झाला. आज बहुतेक गट याच रस्त्याने येतात. पुढे परवाने प्रांतवार देण्यात येऊ लागले. २०१३च्या कायद्याने ते देशभर ग्राह्य झाले आणि डिसेंबर २०२३च्या कायद्याने राष्ट्रीय परीक्षा आणि नोंदवही आली.

आजची सहल साधारण ठरलेल्या वाटेने जाते. आधी कोलोसियम, मग शेजारची कॉन्स्टन्टाइनची कमान, टायटसच्या कमानीवरून फोरम आणि शेवटी पॅलेटाइन. कोलोसियम १८९ मीटर लांब आणि १५६ मीटर रुंद आहे, तरी एका वेळी आत सुमारे तीन हजार माणसांनाच प्रवेश असतो. ऑक्टोबर २०२३ पासून तिकिटावर नाव असते. तिकिटे अपुरी पडतात, म्हणून वाटाड्यासह सहलीचे संच विकत घेणे अनेकांना भाग पडते. या तुटवड्यावरून २०२५ मध्ये इटलीच्या स्पर्धा-नियामकाने काही कंपन्यांना जबर दंड केला.

काही जागा मुळातच लहान गटांसाठी आहेत. कोलोसियमच्या आखाड्याखाली बोळ आणि प्राणी वर चढवण्याचे उद्वाहक यांची यंत्रणा होती. तो भाग २०१० पासून वाटाड्यासोबत पाहता येतो. नीरोचा महाल १९९९ मध्ये खुला झाला, पाण्याच्या गळतीमुळे बंद पडला आणि २०१४ पासून डोक्याला शिरस्त्राण घातलेल्या गटांसाठी उघडला. ओल, उष्णता आणि अरुंद वाटा यांमुळे तिथे माणसे मोजूनच सोडावी लागतात.

वाटाड्याने काय सांगावे याच्या कसोट्याही आता कडक झाल्या आहेत. कोलोसियममध्ये ख्रिस्ती हुतात्म्यांचे रक्त सांडले या श्रद्धेने पोप चौदावा बेनेडिक्ट याने १७५० मध्ये तिथे क्रूसाच्या वाटेची ठाणी उभारली. तिथल्या दगडांची लूट थांबायला या श्रद्धेची मदत झाली. पण ख्रिस्ती माणसांना याच जागी मारल्याचा समकालीन पुरावा नाही. अंगठा खाली केला की मृत्यू, ही खूणही चित्रांतून आणि सिनेमातून रूढ झालेली आहे; प्राचीन लेखक अंगठा वळवण्याविषयी बोलतात, दिशा स्पष्ट करत नाहीत. जबाबदार वाटाडे या दोन्ही गोष्टी सांगतात आणि त्यांतली श्रद्धा कोणती, पुरावा कोणता, हेही सांगतात.