अडकलेल्या प्रकाशाची कुळकथा

अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत जॉर्ज फेहर फॉस्फरस मिसळलेल्या सिलिकॉनवर प्रयोग करत होते. त्यांची निरीक्षणं रूढ सिद्धांतात बसेनात. तिथल्याच फिलिप अँडरसन यांनी १९५८ मध्ये उत्तर सुचवलं : अणूंच्या जाळीत अव्यवस्था पुरेशी वाढली, की इलेक्ट्रॉनची लहर पसरत नाही, जागीच अडकून पडते. त्यांच्या १९७७ च्या नोबेलमागे हेही काम होतं.

लहर म्हटली की प्रकाश आलाच. १९८० च्या दशकात सजीव जॉन आणि खुद्द अँडरसन यांनी हा विचार प्रकाशाला लावला. १९९७ मध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या भुकटीत प्रकाश अडकल्याचं ‘नेचर’मध्ये जाहीर झालं आणि शंका निघाली, की भुकटीनं प्रकाश अडवला, की गिळला? दोन्ही बाबतींत पलीकडे पोचणारा प्रकाश झपाट्यानं घटतो. पुढे २००७ मध्ये इस्रायलच्या टेक्निऑनमध्ये मोर्देकाय सेगेव यांच्या गटानं स्फटिकात लेसरनंच जाळी उमटवली, तीत अव्यवस्था मिसळली आणि प्रकाशाची स्थानबद्धता, म्हणजे जागीच अडकणं, दाखवली.

तोवर शोषण म्हणजे प्रयोगातली पीडा. मला या कुळातली सर्वांत धाडसी पिढी ती वाटते, जिनं या पीडेलाच कामाला लावलं. ऊर्जेची ये-जा असलेल्या अशा व्यवस्थांना ‘नॉन-हर्मिशियन’ म्हणतात. त्यांतली अव्यवस्था हातानो आणि नेल्सन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये कागदावर तपासली होती. पण त्यांच्यापुढे प्रकाश नव्हे, तर अतिवाहकातले चुंबकीय भोवरे होते.

प्रकाशावरचा प्रयोग जर्मनीतल्या रोस्टोकमध्ये झाला, २०२१ साली प्रसिद्ध झाला. लांबीत किंचित फरक असलेली ऑप्टिकल फायबरची दोन वेटोळी एकमेकांना जोडलेली. त्यांत लेसरचा स्पंद फिरत राहतो, दुभंगतो, आणि तो कधी पोचला यावरून एका आभासी जाळीतली त्याची जागा ठरते. इथे अव्यवस्था फक्त ऱ्हासाची : कुठे जास्त प्रकाश गळतो, कुठे कमी, काही नियम नाही.

अशा जाळीत प्रकाशाच्या सगळ्या अवस्था, म्हणजे त्याच्या लहरीचे ठरावीक साचे, स्थानबद्ध असतात, तरी प्रकाश पुढे सरकतो, आणि तोही लांब उड्या मारत. कारण प्रत्येक अवस्थेचं आयुष्य वेगळं. सुरुवातीला सर्वांत तेजस्वी असलेली अवस्था लवकर विझते. दूरवर, नगण्य वाटणारी पण चिवट अवस्था मागे उरते, आणि उरलेल्या प्रकाशाचा मोठा वाटा एकदम तिच्याकडे दिसू लागतो. एकूण उजेड मात्र घटतच जातो.

‘अवस्था अडकल्या’ आणि ‘वहन थांबलं’ हे साठ वर्षं एकच मानलं जाई. नॉन-हर्मिशियन जाळीत आता ही दोन विधानं वेगवेगळी सिद्ध करावी लागतात.