गुत्ता, शिंदी आणि परमिट रूम : पिण्याच्या जागेचा मराठवाडी इतिहास



आज एका शब्दापासून सुरुवात करू. तो शब्द म्हणजे 'गुत्ता'. उमरी, धर्माबाद, नांदेड या आपल्या पट्ट्यात तो दोन अर्थांनी कानावर पडतो. रस्त्याचं, पुलाचं काम घेतो तो गुत्तेदार. आणि दारू मिळते ती जागा म्हणजे गुत्ता. तेलुगूत 'गुत्त' आणि कन्नडात 'गुत्तिगे' म्हणजे मक्ता, ठेका. तोच शब्द आपल्याकडे आला. आता बघा, पिण्याच्या जागेला आपण नाव दिलं ते पेयाचं नाही, पिणाऱ्यांचं नाही, घराचं तर नाहीच. ते कराराचं नाव आहे. हिंदीतला 'ठेका' तसाच. आणि आज नांदेडच्या रस्त्याला लागलात की पाटी दिसते, 'परमिट रूम'. म्हणजे परवान्याची खोली!

याउलट इंग्रजांच्या देशात अशा जागेला 'पब' म्हणतात, म्हणजे 'पब्लिक हाउस', लोकांसाठी उघडं असलेलं घर. नावांमधला हा फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे पिण्याच्या जागेचा इतिहास हा मुख्यतः परवानगीचा इतिहास आहे. परवानगी कोणी द्यायची, कोणी विकत घ्यायची, आणि ज्यांच्या गावात ती जागा उभी राहते त्यांना कोणी विचारायचं, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. दारू चांगली की वाईट, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. त्या वादात आपण आज पडणार नाही.

परवानगीची ही गोष्ट जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुराध्यक्ष' नावाच्या अधिकाऱ्यावर एक अख्खं प्रकरण आहे. पानागार कसं असावं, तर त्यात अनेक खोल्या असाव्यात, बसायची-निजायची वेगवेगळी सोय असावी, सुगंध, फुलांच्या माळा आणि पाणी असावं, आणि प्रत्येक ऋतूत तिथं सुख वाटावं. वाचून मन प्रसन्न होतं. पण लगेच पुढे हेही येतं की कोण नेहमीपेक्षा जास्त खर्च करतो, यावर हेरांनी तिथं नजर ठेवावी! सणाला, जत्रेला मात्र चार दिवस लोकांना मद्य करण्याची सवलत होती. म्हणजे राज्य यजमान आहे, पहारेकरीही आहे, आणि लोकांचा स्वतःचा हक्क वर्षातून चार-चार दिवसांचा. पुढच्या इतिहासाचा साचा इथंच तयार दिसतो.

आता आपल्या झाडाकडे येऊ. आपल्या भागाचं मूळ पेय म्हणजे शिंदी. ताडाची ती ताडी, माडाची ती माडी, आणि शिंदीच्या झाडाची ती शिंदी. नाल्याकाठी, गायरानात, शेताच्या बांधावर उगवणारं हे झाड आहे. त्याला कोणी पाणी घालत नाही, खत घालत नाही. थंडीच्या दिवसांत शेंड्याजवळ खोडाची साल सोलून खाच करतात आणि खाली मडकं बांधतात. रात्रभर रस ठिबकतो. दरवर्षी खाच आलटून पालटून विरुद्ध बाजूला घेतात, त्यामुळे जुन्या झाडाचं खोड नागमोडी दिसतं. त्या खाचा मोजल्या की झाड किती वर्षं छेदलं गेलं याचा अंदाज येतो.

पहाटे उतरवलेला ताजा रस म्हणजे नीरा, गोड आणि बिननशेची. पण मडक्यात आणि हवेत यीस्ट असतंच. ऊन चढेल तसा रस फसफसू लागतो. दुपारी तो आंबूस होतो आणि संध्याकाळपर्यंत त्यात शेकडा चार-पाच मद्यार्क तयार होतो. दुसऱ्या दिवशी तो पिण्यालायक राहत नाही, त्याचा शिरका होऊ लागतो. म्हणजे शिंदी हे एका दिवसाचं, जिवंत पेय आहे. ते साठवता येत नाही आणि लांब पाठवता येत नाही. ज्या गावात झाड, त्याच गावात पिणारा. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं राजकारण त्याच्याभोवती फिरतं.

आणखी एक गोष्ट. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण जी केरसुणी पुजतो, ती याच शिंदीच्या पानांची असते. मातंग समाजातल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या ती वळली. म्हणजे एकाच झाडाचा रस गुत्त्यात जात होता आणि पानं देवघरात लक्ष्मी म्हणून येत होती. झाडाला त्यात काही विरोध दिसला नाही. विरोध आपण निर्माण केला.

या झाडावर सरकारची नजर पडली ती महसुलासाठी. मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा आला आणि ताडाच्या झाडावर कर बसला. पुण्यात जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य असताना, १८८० च्या सुमारास, दारूची दुकानं वाढवण्याविरुद्ध त्यांनी आवाज उठवला. पुढे १९०८ मध्ये टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दुकानांवर निरोधन झालं. पण हा इंग्रजी मुलूख. आपण होतो निजामाच्या राज्यात. इथं १३१६ फसलीचा, म्हणजे साधारण १९०६-०७ चा, हैदराबाद आबकारी कायदा होता. जमीन महसुलाच्या खालोखाल सरकारी तिजोरी भरायची ती आबकारीनं. पद्धत सोपी होती. दुकानांचा लिलाव व्हायचा, सर्वांत मोठी बोली लावणारा गुत्तेदार व्हायचा, आणि मग दिलेली रक्कम वसूल करण्यासाठी जेवढी विक्री करता येईल तेवढी करायचा. झाड तुमच्या बांधावर असलं तरी परवान्याशिवाय त्याला खाच पाडता येत नव्हती. झाड छेदणारे कलाल, गौड हे पिढीजात कसबी. तेही त्या गुत्तेदाराचे मजूर झाले.

इथं थोडं थांबू. इंग्लंडमध्ये १८३० साली एक कायदा झाला. त्यानुसार दोन गिनी भरून कोणताही करदाता आपल्या घरात बिअर विकू शकत होता. परवाना तिथंही होता. पण तो लिलावात एकाच्या घशात गेला नाही, हजारो छोट्या घरांत वाटला गेला. घरमालक, त्याची बायको, शेजारी असं मिळून ते घर चालायचं. म्हणून ते 'घर' राहिलं. आपल्याकडे एका माणसानं आख्ख्या गावाची तहान लिलावात घेतली. त्याला बाक टाकायची, सावली करायची, सभ्यता राखायची गरजच नव्हती. गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार कुठं? आपला गुत्ता ओंगळ का राहिला, याचं उत्तर पिणाऱ्याच्या जातीत किंवा संस्कारात शोधायची सवय आहे. आमच्या मते ते आधी लिलावाच्या कागदात शोधावं.

आता येतो तो प्रसंग, ज्यामुळे उमरीचं नाव इतिहासात आहे. मनमाड-हैदराबाद रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली आणि उमरी स्टेशनामुळे बाजारपेठ म्हणून पुढे आली. १९४८ च्या जानेवारीत स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीच्या बँकेवर हल्ला करून निजामी रक्कम लढ्यासाठी नेली, हे आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगेल. पण तिजोरीवर घाव घालण्याचा दुसरा एक मार्ग त्याच लढ्यात होता, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. तो मार्ग म्हणजे शिंदीची झाडं तोडणं.

७ ऑगस्ट १९४७ ला स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने 'भारतात सामील व्हा' दिन पाळला आणि सत्याग्रह सुरू झाला. झेंडावंदन, जंगल सत्याग्रह, लेव्हीला नकार, करोडगिरी नाक्यांवर हल्ले आणि त्याबरोबर शिंदीतोड. तर्क दुहेरी होता. एक, आबकारीचं उत्पन्न बुडेल. दोन, गांधीजींच्या दारूबंदीचं कामही होईल. गावोगाव रात्री कुऱ्हाडी घेऊन लोक बाहेर पडले आणि नाल्याकाठची झाडं आडवी झाली. रझाकारांच्या दहशतीच्या काळात हे धाडस होतं, ते क्षणभरही कमी लेखू नये. बंदूक नसलेल्या शेतकऱ्याच्या हाती सरकारला दुखवण्याचं एवढंच साधन होतं. बँक उमरीत एकच होती, पण शिंदीचं झाड शिवाराशिवारात होतं.

पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथं एक प्रश्न पडतो. कुऱ्हाड कशावर पडली? अन्याय लिलावात होता, गुत्त्यात होता. घाव मात्र झाडावर बसला, कारण गुत्ता हा कागद आहे आणि कागद तोडता येत नाही. लढा न्याय्य होता. तरी शत्रूचं साधन आणि शत्रू यांतला फरक लढाईच्या घाईत पुसला जातो, आणि त्याची किंमत लढाई जिंकल्यावर भरावी लागते. ती कशी, ते पुढे बघू.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं. गुत्तेदारी मात्र लगेच गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं रचली गेली. निजामाबाद आंध्रात गेलं आणि नांदेड मुंबई राज्यात आलं. मुंबईत १९४९ चा दारूबंदी कायदा होता, तो पुढे आपल्याकडे लागू झाला. आंध्राच्या बाजूला शिंदीची दुकानं चालूच राहिली. म्हणजे कालपर्यंत एकाच निजामाची असलेली दोन गावं, आणि आज एका गावात जे दुकान, ते दुसऱ्या गावात गुन्हा! सरहद्दीवरच्या माणसानं कायदा पायानं ओलांडला. आणि ज्याला जाता येत नव्हतं त्याच्यासाठी हातभट्टी आली. नवसागर, सडका गूळ आणि पोलिसाचा हप्ता. शिंदी दिवसभरात आपोआप तयार व्हायची, उघड्यावर मिळायची आणि सौम्य असायची. हातभट्टी लपून व्हायची आणि जहाल असायची. सौम्य पेयाची जागा जहाल पेयानं घेतली, ही आपण भरलेली पहिली किंमत.

दुसरी किंमत अशी. साठच्या दशकापासून बंदी सैल झाली आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूला रीतसर जागा मिळाली. ही देशी दारू झाडाची नाही, साखर कारखान्यातल्या मळीची आहे. ती बाटलीत बंद होते, महिनोन्‌महिने टिकते, ट्रकने कुठंही जाते. म्हणजे शिंदीत जे नव्हतं ते सगळं तिच्यात आहे. म्हणूनच ती सरकारला आणि व्यापाऱ्याला सोयीची. झाड छेदणाऱ्याचं कसब यात कुठंच लागत नाही. गजानन नाईकांसारख्या गांधीवाद्यांनी नीरा आणि ताडगुळाचा रचनात्मक मार्ग दाखवला होता. झाड राखा, कसबी राखा आणि नशा टाळा, असा तो विचार. तो नीरा केंद्रापुरता उरला.

आणि जी शिंदी शिल्लक राहिली, तिचं काय झालं? झाडं थोडी, मागणी मोठी. मग पाण्यात साखर, सॅकरीन आणि गुंगीसाठी क्लोरल हायड्रेट किंवा झोपेच्या गोळ्यांची पूड. तेलंगणात आणि आपल्याकडेही अशा बनावट ताडीनं माणसं दगावली आहेत. नाव शिंदीचं आणि आत औषधाच्या दुकानातलं विष.

विलायतेत असाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. मोठ्या कारखान्यांनी जिवंत बिअर बाजूला सारून वायूच्या दाबावरची मृत बिअर पबांमध्ये आणली. पिंपात शेवटपर्यंत आंबत राहणाऱ्या जुन्या बिअरला ते 'रिअल एल' म्हणतात. आपल्या शिंदीची ती थंड देशातली बहीण समजा. ती वाचवण्यासाठी १९७१ मध्ये ग्राहकांनी चळवळ उभी केली. २०११ च्या एका कायद्यानं तर गावाला असा हक्क मिळाला की पब विकला जात असेल, तर गावकऱ्यांना तो विकत घेण्यासाठी मुदत मिळावी. तिथं गाव एकत्र येतं ते पब उघडा ठेवण्यासाठी.

आपल्याकडे गाव एकत्र येतं ते दुकान बंद करण्यासाठी. महाराष्ट्रात गावातल्या बाया मागणी करतात, मतदान लागतं, मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली असते. आडव्या बाटलीला बहुमत मिळालं की दुकान बंद. शेजारच्या आंध्रात १९९२ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंट्याच्या बायांनी अर्काविरुद्ध उठाव केला आणि राज्य हलवलं. वरवर पाहता इंग्लंडचं गाव आणि आपलं गाव विरुद्ध दिशेला चाललेत. आम्हाला तसं वाटत नाही. दोघंही एकच हक्क मागतात : आमच्या गावातली जागा, तिचा निर्णय आम्ही करू. फरक एवढाच की त्यांच्या वाट्याला राखण्यासारखं घर आलं आणि आपल्या बायांच्या वाट्याला पगाराच्या दिवशी दाराबाहेर उभं राहण्याची वेळ आली. ज्या घरात तिला कधी पाऊल टाकता आलं नाही, ते तिनं का वाचवावं?

कौटिल्याच्या सुराध्यक्षापासून निजामाच्या लिलावापर्यंत आणि तिथून परमिट रूमपर्यंत, गावातल्या बाईचं मत कोणी विचारलं नव्हतं. आडवी बाटली हा आपल्या पिण्याच्या इतिहासातला पहिला असा कागद आहे, ज्यावर गुत्तेदाराऐवजी तिचा शिक्का उमटतो. पण त्या कागदावर दोनच चित्रं आहेत, बंद किंवा चालू. नाल्याकाठी पुन्हा शिंदी लावायची का, सकाळी गावात नीरा मिळावी का, दमलेल्या माणसानं संध्याकाळी चार लोकांत कुठं बसावं, आणि तिथं बायकोलाही खुर्ची असावी का, हे प्रश्न त्यावर छापलेले नाहीत. ते ग्रामसभेत विचारायला मात्र कोणाचा परवाना लागत नाही.

आता प्रश्न घेऊ. ज्यांच्या शिवारात अजून शिंदीचं झाड उभं आहे, त्यांनी आधी बोलावं.