आर्चबिशपचा बाण

मृगया हा राजेलोकांचा छंद. तिच्या नियमांत मृगांपेक्षां माणसांचाच बंदोबस्त अधिक असावा यांत नवल नाहीं. इंग्लंडांतील क्रॉसबोची हकीकत पाहा. लांकडी दांड्यावर आडवें धनुष्य बसवून खटका दाबतांच बाण सुटावा अशी याची रचना. साध्या धनुष्यास वर्षानुवर्षांचा सराव लागे. येथें दोरी एकदां खटक्यांत अडकविली कीं नवशिक्यासही स्वस्थपणें नेम धरतां येई. ही सोयच राज्यकर्त्यांस भिववूं लागली. ज्याचें जमिनीचें उत्पन्न सालीना 100 पौंड नाहीं त्यानें क्रॉसबो बाळगूं नये, बाळगल्यास 10 पौंड दंड, असें आठव्या हेन्रीच्या 1541 च्या कायद्यानें ठरविलें. जमीन किती हें विचारलें. हात किती स्थिर आहे हें विचारलें नाहीं.

त्याहून जुनी 1217 ची वनसनद. राजाचें हरिण मारल्याबद्दल कोणाचा प्राण वा अवयव घेऊं नये, असें तिनें सांगितलें. राजाकडे जाणाऱ्या आर्चबिशप, बिशप, अर्ल व बॅरन यांस वाटेंतील राजवनांत एकदोन जनावरें मारण्याची मुभाही दिली. मात्र वनरक्षकाच्या देखत, आणि तो जवळ नसेल तर शिंग फुंकवून, म्हणजे चोरीचा संशय नको. वर्गांत ही सनद शिकवितांना आम्हीही या कलमावरून भरभर पुढें जात असूं.

जुलै 1621 मध्यें कँटरबरीचे आर्चबिशप जॉर्ज अॅबट हँपशरांतील ब्रॅम्सहिल येथें लॉर्ड झूश यांच्या उपवनांत शिकारीस गेले. क्रॉसबोचा बाण हरणास न लागतां पीटर हॉकिन्स या रखवालदाराच्या दंडांत घुसला आणि रक्तस्राव होऊन तो मेला. अपघाती मरण, आणि चूक मृताचीच, असा पंचांनीं निकाल दिला. त्यास दूर राहण्याविषयीं आधीं बजावलें होतें म्हणे!

मग वाद माजला तो हॉकिन्सविषयीं नव्हे. ज्याच्या हातून मनुष्यवध झाला त्या धर्मगुरूनें नव्या बिशपांस दीक्षा द्यावी कीं नाहीं, हा प्रश्न. कांहीं नियोजित बिशपांनीं त्यांच्या हातून दीक्षा घेण्याचें नाकारलें. पहिल्या जेम्सनें दहा जणांची समिति नेमली. तिच्यांत मतभेद पडला आणि अखेर राजानेंच वर्षाअखेर माफी दिली. अॅबट यांनीं मात्र मनास माफी दिली नाहीं. महिन्यांतून एक मंगळवार ते पुढें जन्मभर उपवास करीत. हॉकिन्सच्या विधवेस त्यांनीं सालीना 20 पौंड बांधून दिले.